कोपीतलं मूल कोणत्या खात्याचं?

जालना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोदावरीच्या अलीकडे, वडीगोद्री आणि शहागडच्या पट्ट्यात महाकाळा नावाचं गाव आहे. त्याच्या शिवारात अंकुशनगर वसलं ते साखर कारखान्यामुळे. जालन्याचे माजी खासदार अंकुशराव टोपे यांच्या नावाने आज ओळखला जाणारा समर्थ सहकारी साखर कारखाना इथलाच. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या भागातून गेला आणि एकेकाळच्या कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात आणि मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. बांबूचा सांगाडा, त्यावर पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि दार इतकं बुटकं की मोठ्या माणसाला वाकूनच आत शिरावं लागतं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तेच घर.

या पट्ट्याची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. इथे ऊस तोडायला माणसं येतात आणि इथूनच ऊस तोडायला माणसं जातातही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून दरवर्षी गाड्या भरून कुटुंबं निघतात. काही जवळच्याच कारखान्यावर थांबतात, बरीचशी सांगली-कोल्हापूरकडे किंवा पार कर्नाटकात जातात. म्हणजे मूल गावात असतानाही जिल्हा जालनाच आणि दुसऱ्या कुणाचं मूल इथल्या फडात येतं तेव्हाही जिल्हा जालनाच. दोन्ही टोकं एकाच जिल्ह्याच्या हातात असताना मधलं मूल नेमकं कसं निसटतं, हे पाहायला अंकुशनगरइतकी योग्य जागा क्वचित सापडेल.

या लेखाचा विषय त्या कोप्यांमधली मुलं आहेत, आणि त्यांतही ज्यांच्या घरात दारूने मुक्काम ठोकला आहे ती मुलं. नशा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शहरातली गर्द येते, अलीकडे एमडीची पुडी येते. पण केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत सगळ्यांत मोठा आकडा दारूचाच होता. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, असं त्या अहवालाने सांगितलं. त्यातला आणखी एक आकडा मला कधीच विसरता आला नाही. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो, आणि दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळणारा तर १८० जणांत एक. उरलेल्या सगळ्यांच्या घरी मुलं नाहीत, असं थोडंच आहे?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ऊसतोड कामगार म्हणजे दारुडा, असं मला म्हणायचं नाही आणि कुणी म्हणू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे १४ टक्क्यांच्या आसपास निघाले. फडात माळकरीही असतात, भगवानगड-नारायणगडाला मानणारेही असतात, आणि माळ घातल्यापासून बाटलीला न शिवलेली माणसंही असतात. प्रश्न आहे तो जिथे बाप पितो त्या कोपीतल्या मुलाचा. कारण ऊसतोडीची रचनाच अशी आहे की बापाच्या पिण्याचा भार थेट मुलाच्या अंगावर येऊन पडतो. तो कसा, ते नीट समजून घ्यायला हवं.

ऊसतोडीत कामगाराची मोजणी माणशी होत नाही, कोयत्यावर होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, हिशेब ठेवतो तो कोयत्याचा. उचलीचा आकडा आता एका जोडीमागे लाखाच्या पुढे गेला आहे आणि तो बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात पडतो. ती रक्कम लग्नात, दवाखान्यात, जुनं देणं फेडण्यात जाते, आणि पिणारा असेल तर गाडी निघायच्या आधीच तिचा एक भाग गुत्त्यावर गेलेला असतो. मागे उरतं ते फेडायचं काम, आणि ते दोघांनी करायचं असतं. बाईने उचलीवर अंगठाही उठवलेला नसतो, पण ती कोयत्याची अर्धी बाजू म्हणून गहाण पडते.

आता त्या जोडीतला पुरुष सकाळी उठलाच नाही तर? कामावर न येण्याला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे अंगावर चढतात. फेड लांबते, पट्टा पडला तरी उचल फिटत नाही, पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे बांधलं जावं लागतं. हे टाळायचं तर कोयता पुरा करायला दुसरे हात हवेत. ते हात कोपीतच असतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा. बाप पडून राहिला त्या दिवशी आई ऊस तोडते आणि लेक साळते, मोळ्या बांधते, वाढे गोळा करते. एक दिवस, दोन दिवस, मग रोज. कुणी त्या मुलाला ‘कामाला लावलं’ असं होत नाही. ते आपोआप बापाच्या जागी उभं राहतं.

पैशाचं गणितही मांडून पाहावं. जानेवारी २०२४ मध्ये संपानंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आला. एका जोडीने दिवसभरात दोन टन ऊस तोडला असं धरलं तर दोघांची मिळून मजुरी साधारण ७३० रुपये होते. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, त्यानंतर देशी दारूच्या १८० मिलिलीटरच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये झाली. म्हणजे एक बाटली सुमारे २२० किलो ऊस तोडल्याची मजुरी खाते. दोन बाटल्या रोजच्या असतील तर दिवसाच्या कमाईचा पाचवा हिस्सा तिथेच संपला. शुल्कवाढीतून सरकारला वर्षाला १४,००० कोटी रुपयांचं जादा उत्पन्न अपेक्षित आहे. त्यातला किती पैसा व्यसन सोडवण्याच्या कामी लावणार, हे त्या निर्णयाबरोबरच सांगायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं. महागाईने थोडी कमी पिणारा पिणं सोडेल. आहारी गेलेला पोराच्या दुधात काटछाट करेल, किंवा हातभट्टीकडे वळेल.

पिण्याची कारणंही कामातच आहेत. पहाटेच्या थंडीत दव पडलेल्या उसात उभं राहायचं, दिवसभर वाकून तोडायचं, डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरायची आणि ट्रक रात्री-अपरात्री आला तर झोपेतून उठून पुन्हा भरायची. अंग मोडून आलं, थोडी घेतल्याशिवाय झोप लागत नाही, असं फडात सर्रास ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. दुखऱ्या अंगावरचं स्वस्त आणि हाताशी असलेलं औषध म्हणून दारू सुरू होते. पंधरवड्याची खर्ची मिळते त्या दिवशी बाजार असतो, आणि बाजाराच्या संध्याकाळी कोप्यांवर भांडणं असतात. बायका दारू फारशी पीत नाहीत, पण भूक मारायला मिश्री-तंबाखू लावतात, पोटुशी असतानाही लावतात, आणि त्याचा परिणाम पोटातल्या बाळाच्या वजनावर होतो. दुकान गावात नसलं म्हणून काही अडत नाही. मोटारसायकलवरून माल कोपीपर्यंत येतो.

आणि ही देशी बनते कशापासून? उसाचा रस काढून साखर झाली की उरते ती मळी, मळीपासून मद्यार्क, मद्यार्कापासून देशी दारू. ज्याने ऊस तोडला त्याच्याच कोपीत तो ऊस बाटली होऊन परत येतो आणि त्याची मजुरी घेऊन जातो. साखरधंदा साखरेच्या दराची, इथेनॉलच्या दराची चर्चा करतो. मळीच्या या परतीच्या वाटेचीही जबाबदारी त्याच्याकडे येते.

मुलांचं काय होतं ते वयाप्रमाणे वेगळं असतं. तान्हं बाळ बांधावरच्या झोळीत असतं, रांगतं-चालतं मूल पाचटावर झोपवलेलं असतं. ट्रॅक्टर मागे घेताना चिरडलेली, उघड्या विहिरीत पडलेली, पेटलेल्या फडात सापडलेली मुलं, अशा बातम्या प्रत्येक हंगामात आतल्या पानावर येतात. सात-आठ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन चूल, पाणी, शेळी सगळं सांभाळते. बापाला बाटली आणून द्यायचं काम बहुतेक वेळा याच वयाच्या पोराचं. रात्री बाप बडबडायला लागला की धाकट्यांना घेऊन शेजारच्या कोपीत जायचं, हेही तीच मुलं ठरवतात. मार नसला तरी ही मुलं सतत कानोसा घेत जगतात. चालण्याच्या आवाजावरून बाप किती प्यायला आहे हे त्यांना कळतं. शाळेत गेल्यावर त्याच मुलाला मास्तर लक्ष नसलेलं, मंद म्हणतात.

मुलगी मोठी झाली की आईची काळजी बदलते. पिणारा बाप आणि त्याच्याबरोबर बसणारे चार जण, दाराला कडी नसलेली कोपी, आंघोळीला आडोसा नाही. अशा ठिकाणी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ठेवायची कशी, म्हणून तिचं लग्न उरकलं जातं. नवा कोयता तयार झाल्याने मुकादमाकडून नवी उचलही मिळते. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, आणि जालना जिल्ह्यात हेच प्रमाण ३५ टक्क्यांच्या घरात होतं. आईला यात दोषी धरण्याआधी तिच्यापुढे दुसरा कोणता सुरक्षित पर्याय होता ते सांगावं लागेल.

आता कायद्याकडे येऊ, कारण कायदा मुळात दुबळा नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ मधली ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल’ ही व्याख्या खूप रुंद आहे. आई-बाप जिवंत आहेत पण मुलाचा सांभाळ करायला असमर्थ किंवा अयोग्य आहेत, असं बाल कल्याण समितीला दिसलं तर ते मूल त्या व्याख्येत बसतं. कलम ७५ मुलाला मारहाण करणं, टाकून देणं, जाणूनबुजून दुर्लक्ष करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. मुलाला दारू-तंबाखू देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि दारूच्या वाहतुकीला किंवा विक्रीला मूल वापरणाऱ्याला कलम ७८ खाली तितकीच. प्रत्येक जिल्ह्यात अध्यक्ष आणि चार सदस्यांची बाल कल्याण समिती असते, तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल चोवीस तासांत समितीपुढे आणायचं, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल घ्यायचा, चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायचा. गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती आहे, तिची अध्यक्ष सरपंच आणि सचिव अंगणवाडीसेविका. फोनवर १०९८ आहे. १९९६ साली जेरू बिलिमोरिया यांनी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू केलेली ही सेवा २०२३ पासून राज्य सरकार आणि जिल्हा यंत्रणेमार्फत चालते.

ही सगळी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे. मुलाला पत्ता आहे, हे तिने गृहीत धरलं आहे. कोपीला पत्ता नसतो. महाकाळ्याच्या शिवारात उतरलेली टोळी महाकाळ्याच्या ग्राम बाल संरक्षण समितीच्या यादीत नसते, आणि जिथून आली त्या गावच्या समितीच्या दृष्टीने ती ‘बाहेरगावी गेली’. १०९८ वर फोन करायचा तर मुलाने कुठे आहे म्हणून सांगायचं? अमक्याच्या रानात, पाटाच्या कडेला? दहा दिवसांत टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. समिती बसते जालन्याला. अंबड ओलांडून तिथवर जायचं म्हणजे आईचा एक दिवस खाड्यात. पंधरा दिवसांच्या तपासणी अहवालासाठी घरभेट कुठे करायची, मंठ्याच्या कुलूप लावलेल्या घराला की शहागडजवळच्या कोपीला? कायद्याच्या कलम ९५ मध्ये मुलाला त्याच्या मूळ जिल्ह्याच्या समितीकडे पाठवायची तरतूद आहे. पण हंगामात मूळ जिल्ह्यात त्याचं कुणी नसतं, असली तर थकलेली आजी. महिला व बालविकास विभागाने २०२२ पासून स्थलांतरित बायका-मुलांच्या नोंदीसाठी संगणकीय प्रणाली आणली आहे. तिचा उपयोग पोषण आहार आणि लसीकरणासाठी होतो, तो व्हायलाच हवा. घरातल्या व्यसनाची, माराची, एकट्या पडलेल्या पोराची नोंद त्यात कुठून येणार?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. गरिबी आणि दुर्लक्ष यांतली रेघ कुठे ओढायची? बाळाला झोळीत टाकून आई दहा तास ऊस तोडते. बाहेरून पाहणाऱ्याला ते दुर्लक्ष दिसतं. ती दुसरं काय करू शकत होती? कायद्यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द इथे फार मोलाचा आहे, तो जपला पाहिजे, नाहीतर गरीब आईच्या हातातून मूल काढून घेणं सोपं होईल. पण तीच ढाल पिणाऱ्या बापाच्याही कामी येते. पोलीस म्हणतात घरगुती भांडण आहे, ग्रामसेवक म्हणतो बाहेरची टोळी आहे, मुकादम म्हणतो कामात व्यत्यय नको, आणि प्रकरण मिटतं. मूल घरातून काढून बालगृहात ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, असं कायदाच सांगतो आणि बरोबर सांगतो. पण काहीच न करणं हा पहिला उपाय आणि बालगृह हा शेवटचा, मधली पायरीच नाही, अशी आपली अवस्था आहे.

मधली पायरी नसली की काय होतं, ते २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्याने पाहिलं. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांतली लहान मुलं मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं प्रकरण त्या वर्षी उघडकीला आलं. मोबदला म्हणून आई-बापांच्या हाती पडली होती थोडी रोकड, एखादी मेंढी, काही ठिकाणी दारू. एका सुमारे दहा वर्षांच्या मुलीला बेशुद्ध अवस्थेत तिच्या झोपडीबाहेर आणून टाकण्यात आलं आणि नाशिकच्या रुग्णालयात ती गेली. त्यानंतर श्रमजीवी संघटनेने पाठपुरावा केला, गुन्हे दाखल झाले, वेठबिगारीतून इतर मुलं सोडवली गेली. अंगणवाडी, शाळा, आश्रमशाळा, पोलीस पाटील, बाल कल्याण समिती हे सगळं त्या तालुक्यातही होतं. मूल वर्षानुवर्षं शाळेच्या पटावरून गायब होतं आणि त्या गायब होण्याचा अर्थ लावणं कुणाचंच काम नव्हतं.

कष्टकरी आईच्या मुलाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, आणि तो सुटूच शकत नाही असंही नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका आपल्या तान्ह्या बाळांना अफूची गोळी देऊन कामावर जात. बाळागोळी म्हणत तिला. बाळ दिवसभर निपचित पडून राही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी चाळींतून फिरून याची पाहणी केली, तेव्हा कामगार बायकांच्या बहुसंख्य बाळांना अफू मिळत असल्याचं समोर आलं. त्या आया क्रूर होत्या का? त्यांच्याकडे बाळ ठेवायला जागा नव्हती. हळूहळू गिरण्यांत पाळणाघरं आली, बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. अफूची गोळी गेली, ती प्रबोधनाने गेली त्याहून जास्त पाळणाघराने गेली.

मग अंकुशनगरच्या फडातल्या बाळाला पाळणाघर का नाही? कारण त्याची आई कागदोपत्री कारखान्याची कामगार नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी, तोही बहुधा तोंडी. या साखळीत मालक कोण हे कुणीच सांगत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा होता, तो राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्यांना लागूच नव्हता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली, ती याच पोकळीमुळे.

योजना नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. हंगामी वसतिगृहं आहेत. त्यात मूल आपल्याच गावी आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं आणि शाळेत जेवण मिळतं. हंगाम सुरू झाल्यावर ती उशिरा सुरू होतात ही जुनी तक्रार आहे, तरीही ज्यांच्या घरी आजी खंबीर आहे त्यांना या व्यवस्थेने वाचवलं आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्याला कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आहेत. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत प्रत्येकी एक मुलांचं आणि एक मुलींचं, अशी १०० जणांची ८२ वसतिगृहं, आणि पहिल्या टप्प्याच्या दहा तालुक्यांत अंबड आणि घनसावंगी होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला फडात न नेता ठेवायला जागा मिळणं, हा बालविवाहाविरुद्धच्या दहा फलकांहून मोठा उपाय आहे. सहा वर्षांच्या आतलं मूल मात्र आईजवळच राहणार, त्याच्यासाठी कोपीजवळची अंगणवाडी आणि पाळणाघर याला पर्याय नाही.

पैशाची मदतही आहे. राज्याच्या बाल संगोपन योजनेची रक्कम २०२३ मध्ये महिना १,१०० वरून २,२५० रुपये झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून मुलामागे महिना ४,००० रुपये मिळू शकतात, ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत असेल तर. बाप वारला असेल, आई-बाप तुरुंगात असतील, दुर्धर आजार असेल तर फाईल पुढे सरकते. बाप जिवंत आहे पण रोज पितो, त्या घरातल्या आईने काय दाखला जोडायचा? ‘असमर्थ पालक’ असा आदेश समितीने दिला तर वाट मोकळी होते. तो आदेश मिळवायला उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँक खातं आणि जालन्याच्या चकरा लागतात, आणि नवऱ्याविरुद्ध लिहून द्यावं लागतं. उचल फिटेपर्यंत त्याच नवऱ्याबरोबर तिला कोयता चालवायचा असतो.

इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. आपल्याकडे बाटली उत्पादन शुल्क खात्याची, बापाचं व्यसन आरोग्य किंवा सामाजिक न्याय खात्याचं, मूल महिला व बालविकास खात्याचं, शाळा शिक्षण खात्याची आणि उचल कुणाचीच नाही. एकाच दहा बाय आठच्या कोपीत घडणाऱ्या गोष्टीच्या पाच फाईली, आणि त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. बाल कल्याण समितीने मुलाबद्दल आदेश दिला, त्या दिवशी बापाला उपचारासाठी कुठे आणि कुणी न्यायचं हे त्या आदेशात असतं का? व्यसनमुक्ती केंद्रात माणूस भरती झाला, त्या दिवशी घरी मुलं किती, कोणाजवळ आहेत, हे विचारून जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचं बंधन कुणावर आहे?

इंग्लंडमध्ये २००३ साली अमली पदार्थांविषयीच्या सल्लागार मंडळाने ‘हिडन हार्म’ नावाचा अहवाल दिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन ते तीन लाख मुलं गंभीर व्यसन असलेल्या आई-बापांच्या घरात वाढत आहेत, असा त्याचा अंदाज होता, आणि पालकांवर वेळेवर उपचार केले तर मुलांचं भलं होतं, असं त्याने निक्षून सांगितलं. २००८ मध्ये न्यायाधीश निकोलस क्रायटन यांनी लंडनला वेगळं न्यायालय सुरू केलं. मूल काढून घेण्याची कार्यवाही चालू असतानाच आई-बापांवर व्यसनाचे उपचार, त्यासाठी न्यायालयाशी जोडलेलं डॉक्टर-समुपदेशकांचं पथक, आणि दर पंधरवड्याला न्यायाधीशांची पालकांशी समोरासमोर भेट. श्रीमंत देशाचं अनुकरण करायला पैसा लागतो, हे मान्य. पण मुलाची आणि बापाची फाईल एकाच टेबलावर ठेवायला किती पैसा लागतो?

उपचारांची बाजूही सरळ सांगायला हवी. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या माणसाने ती एकदम तोडली तर हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं, क्वचित मृत्यूही, असं होऊ शकतं. म्हणून पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधं आणि जीवनसत्त्वं देत काढावा लागतो. त्यानंतर महिनोन्‌महिने पाठपुरावा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने हे काम मराठी माणसाच्या ओळखीचं केलं, आणि व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोशीही काम करावं लागतं हे दाखवून दिलं. मराठवाड्याच्या वाट्याला काय? राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे. मराठवाड्यात एकही नाही म्हणून २०२२ मध्ये जालन्यासाठी ३६५ खाटांचं मनोरुग्णालय मंजूर झालं. ते उभं राहताना त्यात व्यसनमुक्तीचा मोठा विभाग हवाच. पण फडातल्या माणसाला एक आठवडा खाटेवर झोपायला सात खाडे पडतात. ते खाडे माफ झाल्याशिवाय कोणतीही खाट त्याच्या उपयोगाची नाही. उपचारांची वाट बंद असते तेव्हा ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती चालतात. बायका बाजारातून पुड्या आणून भाजीत मिसळतात. त्यांतल्या काही औषधांवर दारू पोटात गेली की जिवाला धोका असतो. त्या पुड्यांवर भरवसा ठेवणाऱ्या बायकांना दुसरं कुणी काही दिलेलंच नाही.

पट्टा पडल्यावर, एप्रिल ते सप्टेंबर, ही कुटुंबं आपापल्या गावी असतात. उपचारांची, समितीच्या आदेशाची, वसतिगृहाच्या प्रवेशाची कामं करायची ती याच सहा महिन्यांत, पुढची उचल हातात पडण्याआधी. आणि हंगामात कारखान्याच्या हद्दीत उतरलेल्या प्रत्येक टोळीची नोंद करताना, कोयते किती याच्या खाली मुलं किती, वयं काय, हे दोन रकाने वाढवायला कुठल्याही कायद्याची वाट पाहायची गरज नाही. ती यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि जवळच्या अंगणवाडीला दर महिन्याला गेली तर कोपीला पहिल्यांदा पत्ता मिळेल.

हा अंक वाचणाऱ्यांत ऊस उत्पादक सभासद पुष्कळ असतील. तुमच्या कारखान्याच्या पुढच्या वार्षिक सभेत साखरेच्या दराबरोबर हे चार प्रश्न लेखी विचारा: गेल्या हंगामात आपल्या हद्दीत अठरा वर्षांखालची किती मुलं होती, ती कुणी मोजली, कोप्यांजवळ पाळणाघर किती ठिकाणी चाललं, आणि दारू सोडू पाहणाऱ्या तोडणी कामगाराचा उपचाराचा आठवडा खाड्यात धरला जाणार नाही असा ठराव आपण करणार का? फडाजवळ राहणाऱ्या शिक्षकांनी, अंगणवाडीताईंनी, औषध दुकानदारांनी दोन नंबर कागदावर लिहून कोप्यांवर द्यावेत: मुलांसाठी १०९८ आणि व्यसन सोडवण्याच्या मदतीसाठी १४४४६. फोन करणाऱ्या मुलाला आपण कुठे आहोत ते सांगता यावं म्हणून त्याच कागदावर गावाचं नाव आणि गट नंबरही लिहा.